गोळीची सवय लागेल का? आधी कुठली गोळी ते बघा

समुपदेशनाला येऊन समोर खुर्चीत टेकल्या टेकल्या बरेच जण मानसोपचाराच्या गोळ्यांबद्दल हेच विचारतात, "मॅडम, ह्या गोळ्यांची सवय लागंल काय ओ?" प्रश्न रास्त आहे. पण ह्या म्हणजे कुठल्या, ते कुणी विचारत नाही आणि सगळा घोळ तिथंच होतो. त्यावरची ही एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप चालवणारे एक भाऊ, पन्नाशीच्या अलीकडचे. रात्री अचानक छातीत धडधड, हातपाय गार, आता आलाच अटॅक म्हणून घरच्यांनी मध्यरात्री दवाखाना गाठायचा आणि ईसीजी, टू-डी एको सगळं नॉर्मल. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक भीतीचे झटके येण्याचा आजार, सांगितलं आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एस्सिटालोप्रॅम, रात्री अर्धा मिलिग्रॅम क्लोनाझेपाम, रात्रीची फक्त दोन आठवडे, मग परत दाखवायला या. हे परत गेलेच नाहीत, वर्ष होत आलं होतं.

वहिनींनी पर्समधनं सराफाच्या दुकानातलं छोटं पाकीट काढलं. आत क्लोनाझेपामची स्ट्रिप आणि कागदाच्या पुडीत नखानं मोडलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या, काहींचा तर नुसता भुगा झालेला. "कधी एक, कधी अर्धीच घेतात ओ, जास्त न्हाई." सकाळची कुठाय म्हटलं तर भाऊ म्हणाले, "ती बंद केली. आठ-दहा दिवस घेतली, फरक काय पडंना, उलट मळमळायला लागलं. मेव्हणा म्हणला डिप्रेशनची गोळी हाय ती, एकदा लागली की जन्मभर सुटत न्हाई. रात्रीची बघा, घेतली की तासाभरात गार."

म्हणजे जी लांब पल्ल्याची होती ती सवय लागेल म्हणून सोडली आणि जिची खरंच सवय लागते ती वर्षभर चालू ठेवली! हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता सगळ्यात आधी स्ट्रिपच बघायला मागते.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी एकाच घरातली भावंडं, बेन्झोडायझेपाइन. ह्या घरातलं पहिलं औषध 1960 साली बाजारात आलं, डायझेपाम 1963 ला. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, मेंदूचा ब्रेकच म्हणा, ह्या गोळ्या तो ब्रेक जोरात लावतात म्हणून लगेच आराम वाटतो. पण रोज घेतलं की काही आठवड्यांतच मेंदू त्याला सरावतो. एस्सिटालोप्रॅम, सरट्रालीन ह्या गोळ्या सेरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावर काम करतात आणि त्यांना गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ, कधी कधी थोडी जास्तच बेचैनी. ते दिवस निभावून जावेत म्हणूनच डॉक्टर सोबत थोडे दिवस रात्रीची देतात. भाऊंनी नेमकी गुण यायच्या आधीच सोडली.

"रात्रीची बंद करून बघितली का?" तर म्हणे चार दिवस केली, डोळ्याला डोळा लागला नाही, घाम, हात थरथर. त्यावरनं त्यांनी ठरवलं की आजारच मोठा आहे. अहो, एकदम तोडली की झोप काही दिवस पहिल्यापेक्षा वाईट होते, ते गोळी सुटतानाचं असतं. आणि खूप दिवस घेणाऱ्यानं अशी झटक्यात सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही. शनिवारी मित्रांबरोबर बसणं व्हायचं, त्या रात्रीपण गोळी चालूच! दारू आणि ही गोळी दोन्ही श्वास मंद करतात, एकत्र आले तर जिवावर बेतू शकतं. आणि ह्या घरातली अल्प्राझोलाम, डायझेपाम ही तर एच-वन शेड्यूलची, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या सरकारी यादीतली औषधं, पाकिटावर लाल चौकट असते, केमिस्टनं चिठ्ठीची नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची असते, पण ओळखीत जुन्या चिठ्ठीवर काय काय चालतं ते सगळ्यांना माहितीय.

मी समुपदेशक, गोळी लिहायचा किंवा बदलायचा मला अधिकार नाही, म्हणून परत त्याच डॉक्टरांकडं धाडलं. त्यांनी एस्सिटालोप्रॅम अर्ध्या डोसपासून चालू केली, ती लागू पडल्यावर मग क्लोनाझेपाम हळूहळू, काही महिने घेऊन उतरवली.

माझ्याकडं काम होतं झोपेचं. रात्री कितीही वाजता झोप लागू दे, उठायचं साडेपाचलाच. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर अंथरूण सोडायचं, बाहेरच्या खोलीत बसायचं, मोबाईल नाही. दुपारी वर्कशॉपमधली डुलकी बंद. पहिले पंधरा दिवस भाऊ वैतागून गेले, वहिनी त्यांच्यापेक्षा जास्त. मग उठल्यावर करायचं काय म्हणून गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायला लागले, गप्पा मारायला माणसं भेटली आणि ते मात्र चांगलं जमलं. धडधड सुरू झाली की पळत दवाखान्यात जायचं नाही, ती चढते आणि उतरते हे बसून बघायचं, ह्याला जास्त वेळ लागला.

आता रात्रीची गोळी बंद आहे. परवा विचारत होते, "मग सकाळची पण सोडू का?" म्हटलं नाही, बरं वाटायला लागल्यावरसुद्धा डॉक्टर ती साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, तुमची कधी ते तेच ठरवतील. तीसुद्धा एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. पण तिची तलफ येत नाही की डोस वाढवावासा वाटत नाही, मेव्हण्याला हे सांगा. म्हणाले, "त्यालाच घिऊन येतो की, तो पण रात्रीची घेतोय."