पहिली ट्रेल रेस: बुटांआधी मधला कटऑफ विचारा

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. रस्त्यावरची हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत, डोंगरात धावायचा अनुभव नाही, पहिलीच ट्रेल रेस (डोंगरवाटेवरची धावस्पर्धा) २५ किलोमीटरची, एकूण चढ १२०० मीटर, कटऑफ म्हणजे पूर्ण करायची मुदत सहा तास. तुम्ही विचारलंय बुटांबद्दल आणि किती वेळ लागेल त्याबद्दल. पण शेवटी जाता जाता लिहिलंय की मधल्या चेकपॉइंटच्या कटऑफबद्दल, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी किती वेळेनंतर पुढे जाऊ देत नाहीत ह्याबद्दल विचारल्यावर आयोजकांच्या कार्यालयाने 'सर्व तपशील नियमावलीत आहेत' एवढंच कळवलं, आणि नियमावलीत तर त्याचा उल्लेखच नाही. हे वाचल्यावर राहवलं नाही. जवळपास ह्याच शब्दांतलं उत्तर मलाही आलं होतं, आणि माझी एक रेस त्यातच गेली.

बुटांचं पटकन सांगते. तळाला खोल दाते असलेले घ्या आणि बोटांपुढे अंगठाभर जागा मोकळी राहू द्या, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात. रेसआधी त्याच बुटांत, त्याच मोज्यांत दोन-तीन लांब धावा व्हायला हव्यात. ब्रँडवरून इथे नेहमी वाद होतात, मी त्यात पडत नाही. पायाला नीट बसतो तो बूट चांगला.

आता वेळ. रस्त्यावरच्या पेसला, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला, २५ ने गुणू नका. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नायस्मिथ यांनी १८९२ मध्ये डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला होता, तो आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्या हिशेबाने तुमचा मार्ग सात तासांचा होतो. म्हणजे नुसतं चालून कटऑफ गाठता येणार नाही, बऱ्यापैकी धावावं लागेल. दुसरा हिशेब आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना रेसची प्रतवारी करताना वापरते: किलोमीटरच्या आकड्यात चढाचे मीटर भागिले १०० मिळवायचे. २५ आणि १२, म्हणजे ३७. तुमचा हाफ मॅरेथॉनचा पेस साधारण ६ मिनिटं २४ सेकंद येतो, त्याने ३७ ला गुणलं की चार तासांना तीन मिनिटं कमी भरतात. पण हाफचा पेस इतका वेळ टिकत नाही, पायाखाली दगडगोटे असतात, बाटल्या भरायला थांबावं लागतं. मी ह्यात सरळ एक तास वाढवेन. पाच तास धरा. (मी प्रशिक्षक नाही, हा अनुभवावरचा अंदाज आहे.)

तर सहा तासांत तुम्ही पोहोचाल. पण सहा तास हा शेवटच्या रेषेचा आकडा आहे आणि पहिल्यांदा धावणाऱ्यांना बाहेर काढतात ते बहुतेक वेळा मध्येच, वरच्या एखाद्या चेकपॉइंटवर.

तुमच्या मार्गाचा आलेख मी पाहिलेला नाही, म्हणून एक उदाहरण घेते. समजा सर्वांत उंच ठिकाण १४ किलोमीटरवर आहे आणि तिथवर १२०० पैकी ९०० मीटर चढ संपतो. आयोजकांनी मधला कटऑफ नुसत्या अंतराच्या प्रमाणात ठेवला, तर तो ३ तास २२ मिनिटांवर येतो. चढही धरला तर त्या ठिकाणचा आकडा ३७ पैकी २३ होतो आणि कटऑफ ३ तास ४४ मिनिटांवर जातो. बावीस मिनिटांचा फरक. जो धावपटू साडेपाच तासांत रेस पूर्ण करू शकतो, तो एका लयीत गेला तर वर ३:२५ च्या सुमारास पोहोचतो, आणि पहिल्या हिशेबात तीन मिनिटांनी बाद होतो. तुम्ही पाच तासांच्या वेगाने गेलात तरी तिथे हातात जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. 'सहा तास भरपूर आहेत' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतेय.

माझ्या रेसमध्ये ह्यात आणखी एक भर पडली. सगळे एकदम सोडत नव्हते, गटागटाने सोडत होते. सक्तीच्या सामानाची तपासणी करायला एकच टेबल होतं, रांग लांबली आणि आमचा शेवटचा गट पहिल्या गटानंतर वीसेक मिनिटांनी सुटला. वेळ कुठून मोजणार, हे मी आधीच मेलवर विचारलं होतं. उत्तर आलं, नियमावली पाहावी. नियमावलीतलं संबंधित पान जोडून, इथे काहीच लिहिलेलं नाही असं कळवलं. तेच उत्तर पुन्हा आलं. फोन केला तर म्हणाले, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये कळेल. ब्रीफिंग झालं तेव्हा आम्ही तपासणीच्या रांगेत होतो आणि तिथपर्यंत काही ऐकू येत नव्हतं.

वरच्या चेकपॉइंटवर पोहोचले तेव्हा माझ्या घड्याळाप्रमाणे वेळ शिल्लक होता. तिथल्या कार्यकर्त्याने सांगितलं की वेळ पहिला गट सुटल्यापासून मोजतोय आणि ती संपली आहे. बिबवर, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावर, फुली मारली. त्या मुलाचा दोष नव्हता, त्याच्या हातातल्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं. म्हणजे उत्तर कार्यालयाकडे होतं, छापून तयार होतं, फक्त विचारणाऱ्याला द्यायचं नव्हतं. आमच्या गटातले इतरही काही जण तिथेच अडकले. खाली नेणाऱ्या गाडीची वाट बघत घामाने ओल्या कपड्यांत वाऱ्यात उभं राहावं लागलं. पाय शाबूत होते, पुढे बहुतेक उतारच होता, आणि निकालात डीएनएफ, म्हणजे रेस अपूर्ण. नंतर घड्याळातली नोंद जोडून सविस्तर लिहिलं. उत्तर तेच, नियमावली पाहावी.

पाय संपले म्हणून थांबावं लागलं असतं तर ते मी मान्य केलं असतं. ह्याचा मात्र अजून राग आहे. लोकांकडून पैसे घेऊन त्यांना डोंगरात पाठवता, तर कुठे, किती वाजता थांबवणार हे आधी लिहून देणं हे तुमचं किमान काम आहे.

म्हणून आजच तुमच्या आयोजकांना पुन्हा मेल करा आणि मोघम विचारू नका. मधले कटऑफ कोणत्या किलोमीटरवर आहेत आणि घड्याळात किती वाजता, असं विचारा. 'तीन तास' असं उत्तर चालवून घेऊ नका, 'दहा वाजून चाळीस' असं हवं. गटाने सोडणार असतील तर वेळ कोणत्या गटापासून मोजणार ते विचारा. आणि ती वेळ चेकपॉइंटवर पोहोचण्याची की तिथून निघण्याची, हेही. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताभोवतीच्या यूटीएमबी ह्या प्रसिद्ध ट्रेल रेसच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं असतं: पुढे जायचं असेल तर ठरलेल्या वेळेआधी चेकपॉइंट सोडलेला असला पाहिजे. म्हणजे दोन मिनिटं आधी पोहोचून खायला बसलात तर बाद. उत्तर आलंच नाही, तर मागच्या वर्षीचे निकाल उघडा, चेकपॉइंटच्या वेळा दिल्या असतील तर सर्वांत शेवटी पूर्ण करणारे तिथे किती वाजता होते ते बघा. त्यावरून बराच अंदाज येतो. रेसच्या दिवशी तपासणीच्या रांगेत लवकर उभे राहा आणि पहिल्या गटातून सुटा. सावकाश जायचं असलं तरी. मागून येणाऱ्यांना वाट द्यायची, बस.

कटऑफलाच माझा विरोध आहे असं समजू नका. अंधार पडायच्या आत शेवटचा माणूस खाली आला पाहिजे, हे योग्यच आहे. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या रेसमध्ये अचानक गारा, पाऊस आणि जोरदार वारा सुरू झाला आणि २१ धावपटू गारठून मरण पावले. वारा अडवणारं जाकीट तिथे सक्तीच्या यादीत नव्हतं. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात अंग ओलं असतं. म्हणून यादीत नसलं तरी पातळ जाकीट आणि शिट्टी जवळ ठेवाच. अडचणीत मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा.

सरावाचं बोलायचं तर सगळे चढाची भीती घेतात. चढ चालायचा असतो, अनुभवी लोकही चालतात. खरा घात उतार करतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि तिथेच त्यांना इजा होते. चांगली गोष्ट अशी की एकदा जोरात उतरण्याचा सराव झाला की काही आठवडे तरी स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतात. तेव्हा रेसच्या दोन-तीन आठवडे आधी एक दिवस खास उतारासाठी ठेवा. पावलं छोटी आणि भरभर, नजर पायावर नको, चार पावलं पुढे. डोंगर जवळ नसेल तर जिने उतरा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारून.

पाणी तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. दुखतंय म्हणून धावताना आयब्युप्रोफेन घेऊ नका, शरीरात पाणी कमी असताना किडनीवर ताण येतो. एनर्जी जेल (धावताना खायची गोड पेस्ट) वगैरे जे काही घ्याल ते सरावात घेऊन बघितलेलं असू दे.

तुमच्या मार्गाचा चढ-उताराचा आलेख आणि चेकपॉइंटची अंतरं मिळाली तर इथे टाका. प्रत्येक ठिकाणी किती वाजता असायला हवं, ते मी मांडून देते. त्या वेळा हातावर पेनाने लिहून जा. घड्याळाची बॅटरी संपली तरी हात बघता येतो.