पहिल्या रविवारी निघून जाऊ नका

(पत्राचा सारांश: नगर जिल्ह्यातल्या एका भगिनीचे यजमान दोन वर्षं डायलिसिसवर होते. ते फेब्रुवारीत गेले. उपास झाले, प्रार्थनासभा झाल्या, रात्र-रात्र साखळी प्रार्थना झाल्या. आता बायबल उघडवत नाही, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. मंडळीतल्या बायका 'देवाची इच्छा' म्हणतात, सासूबाई 'विश्वास कमी पडला' म्हणतात. 'ते गेले त्या रात्री मी देवाला नको नको ते बोलले. माझा विश्वास परत कसा येईल?' असा त्यांचा प्रश्न आहे.)

ताई,

चार पानांपैकी दोन पानं सासूबाईंवर आणि त्या बायकांवर खर्ची घातलीत. त्यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. त्या चुकीचं बोलल्या हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते माझ्याकडून वदवून घेऊन तुमची एक रात्रही सुखाची जाणार नाही. मी अडकले तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहिलेल्या एका ओळीपाशी: 'महिन्याच्या पहिल्या रविवारी मी उपदेश झाला की घरी येते, मुलाचा डबा असतो.'

रविवारी कुठल्या शाळेचा डबा असतो हो?

पहिला रविवार म्हणजे तुमच्याकडे प्रभूभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा दिवस. फेब्रुवारीपासून तुम्ही ते चुकवताय, आणि कारण त्याच पानाच्या तळाशी आहे: जे देवाला तसं बोलले त्यांनी भाकरीला हात लावू नये. ही शिक्षा तुम्हाला पाळकांनी दिलेली नाही, मंडळीनेही नाही. तुम्हीच न्यायाधीश झालात आणि तुम्हीच आरोपी. मला याचाच राग आला, कारण बाकी सगळं बंद पडलेलं असताना जे एक दार उघडं होतं त्याला तुम्ही स्वतःच कडी घातलीत.

'अयोग्य प्रकारे' खाल तर दोषी ठराल, हे वचन तुमच्या डोक्यात आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११. आता २७ वं वचन एकटं वाचू नका, २० पासून वाचा. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच खाऊन-पिऊन झिंगत होते आणि गरीब भाऊबहिणी उपाशी बसत होत्या. पत्र लिहिणारा पौल चिडला आहे तो त्या खाऊन-पिऊन बसलेल्यांवर. शेवटी तो उपाय सांगतो तोही तितकाच साधा: जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. नवऱ्याच्या उशाशी बसून रडत देवाशी भांडलेल्या बाईचा त्या अध्यायात उल्लेखसुद्धा नाही.

भांडणाचं म्हणाल तर ईयोब वाचा. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गेल्यावर आपण जन्मलो त्या दिवसाला त्याने शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली. देवाची बाजू घेऊन गोड बोलणारे त्याचे मित्र होते. आणि ४२ व्या अध्यायात देव रागावतो ते त्या मित्रांवर: माझ्याविषयी तुम्ही माझा सेवक ईयोब याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीत, असं म्हणून. पहिल्या प्रभूभोजनाला शिष्य पेत्रही होता, त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणारा. तो नाकारणार हे ठाऊक असूनही येशूने भाकर मोडून दिलीच.

तेव्हा येत्या पहिल्या रविवारी तुम्ही भाकर घ्यायची. बाकी काही आत्ता करू नका, विश्वास परत आणायच्या खटपटीलाही लागू नका.

गुरुवारी पाळकांना फोन करा. एवढंच सांगा: 'फेब्रुवारीपासून प्रभूभोजन घेतलेलं नाही, या रविवारी घेणार आहे. समजूत घालू नका.' फोन केलात की मागे फिरणं अवघड होतं, त्यासाठीच तो करायचा. मागच्या बाकावर बसू नका, तिथून दार जवळ पडतं. तिसऱ्या-चौथ्या बाकावर आत सरकून बसा आणि मुलाला कडेला बसवा, म्हणजे उठून जायचं तर त्याला ओलांडावं लागेल. पापांगीकार सगळे एकत्र म्हणतात तेव्हा आवाज फुटला नाही तर गप्प राहा. पक्षघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, तिथे मार्क लिहितो की येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला. खाटेवरच्याने तोवर तोंडही उघडलेलं नव्हतं. मग पुढे जा, गुडघे टेका, उजवा तळवा डाव्यावर ठेवा. रडू येईल. येऊ द्या, पण प्याला दोन्ही हातांनी धरा.

आणि तुम्हाला काहीही वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. इथेच बहुतेक जण फसतात: जागेवर येऊन बसतात, आत काही हललं का म्हणून चाचपतात, काही सापडलं नाही की पुढच्या महिन्यात येत नाहीत. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना आत देव जाणवत नव्हता. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभूभोजनाची उपासना, मात्र त्यांनी सोडली नाही. तुम्हीही त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी जायचं, आणि त्याच्याही पुढच्या.

रात्री वाचायचंच असेल तर स्तोत्र ८८. अवघी १८ वचनं आहेत, मोठ्याने वाचली तरी दोन-तीन मिनिटांत संपतात. ते काळोखातच थांबतं, शेवटी दिलासा वगैरे काही नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वाचून झालं की पुस्तक मिटा. लगेच दिलाशाच्या २३ व्या स्तोत्राकडे धावू नका, ते तुम्हाला सध्या लोक येता-जाता ऐकवतच असतील.

पहाटे तीनला जाग येते आणि जेवण एक वेळचं, असंही लिहिलंय. संदेष्टा एलीया मरण मागत रतामाच्या झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं; देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. म्हणून या आठवड्यात डॉक्टरला झोपेचं आणि भुकेचं सांगा. एलीयासारखे विचार मनात येत असतील तर रविवारची वाट बघू नका, आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. रात्री-बेरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत.

उपासना सुटल्यावर त्या बायका दारात गाठतीलच. 'पुढच्या महिन्यात भेटू' म्हणा आणि मुलाला घेऊन चालू लागा.