सिस्टर बोलल्या नाहीत, तरी त्यांची ‘साक्ष’ कशी?

नागपूरच्या मेकोसाबागेतून एका वाचकाने विचारलं आहे: ‘आमच्या शेजारच्या सिस्टर मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्या. त्यांच्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना होती, आम्हालाही बोलावणं होतं. मध्येच एक गृहस्थ उठले, “मी साक्ष देतो” म्हणाले आणि आपल्या आजारपणाची हकीकत सांगू लागले. पुढे चहा घेताना कोणीतरी म्हणालं, “सिस्टरची साक्ष फार चांगली आहे.” पण सिस्टर तर अख्ख्या प्रार्थनेत एक शब्द बोलल्या नव्हत्या. मग साक्ष कसली? हे इंग्रजीवरून उचललेलं मराठी आहे का? आणि पत्रिकेवर “सेवेचं पाचारण” असं छापलं होतं, ते काय?’

प्रश्न मला फार आवडला, कारण विचारणाऱ्याने दोन वाक्यांतला फरक कानाने बरोबर टिपला आहे. पहिल्या वाक्यात साक्ष ‘दिली’. दुसऱ्यात ती ‘आहे’. उत्तर या क्रियापदांतच आहे.

कोर्टात साक्ष देतात, काढतात, नोंदवतात. साक्ष खोटी असते, साक्षीदार फितूर होतो. ही सगळी तोंडाने बोलण्याची साक्ष. ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात ही क्रियापदं आहेतच, पण त्यांच्या जोडीला आणखी काही येतात. ‘त्याची साक्ष चांगली आहे.’ ‘असं वागलास तर आपली साक्ष बिघडेल.’ ‘साक्ष राखून राहा.’ इथे साक्ष म्हणजे बोलणं नव्हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, दुकानदाराला, ऑफिसातल्या शिपायाला दिसणारं वागणं, ती साक्ष. एकाच शब्दाने बोलणं आणि वागणं दोन्ही धरलेलं आहे. त्या समाजात वावरलेल्या माणसाला यात दोन अर्थ आहेत हे जाणवतही नाही. माझ्या मते ही या शब्दाची ओढाताण नाही, तो आपल्या मुळाशी परत गेला आहे.

मूळ पाहा. पाणिनीचं सूत्र आहे, ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’ (५.२.९१). ज्याने साक्षात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो साक्षी. शब्दात ‘अक्षि’ म्हणजे डोळा आहे, जीभ कुठेच नाही. आधी पाहणं, मग सांगणं. आपण ‘अग्नीच्या साक्षीने’ लग्न लागलं म्हणतो तेव्हा अग्नी कुठे बोलतो? तो तिथे असतो, एवढं पुरे असतं.

इंग्रजीचा संशय मात्र सोडून द्या. बायबलचा दुसरा भाग म्हणजे नवा करार, तो मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यातला शब्द ‘मार्तुस’, म्हणजे सरळ कोर्टातला साक्षीदार. पुढे या साक्षीपायी माणसं मारली गेली, तेव्हा त्याच शब्दाला प्राण देणारा असा अर्थ चिकटला. कॅथलिक लोकांच्या मराठीत त्यासाठी ‘रक्तसाक्षी’ आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारलं, ते रक्तसाक्षी. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरला १८११ मध्ये छापला. म्हणजे या ग्रंथाचं मराठीशी नातं दोनशे वर्षांहून जुनं आहे. ‘साक्ष’ आता आपल्याच घरची.

नागपुरात मात्र एक गंमत ऐकायला मिळते. हिंदीतून उपासना होते तिथे हाच प्रसंग ‘गवाही’ होतो. त्याचंच मराठी रूप ‘ग्वाही’. तुकोबांनी ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही’ म्हटलं तेव्हा ग्वाही म्हणजे साक्षच होती. आज? डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की रोज मथळा असतो, मंत्र्यांनी निधीची ग्वाही दिली. पाहिलेल्या गोष्टीवरून शब्द घसरला तो पुढे कधीतरी करायच्या गोष्टीवर गेला. मराठी उपासनेत कोणी ‘मी ग्वाही देतो’ म्हणालं तर आता ते आश्वासन वाटेल. ‘साक्ष’ शब्दाने आपला डोळा सांभाळला आहे.

आता वागण्याची साक्ष जवळून कशी दिसते ते सांगतो. माझ्या आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती मे महिन्यात तीन आठवडे अशाच एका मिशनच्या दवाखान्यात होती. खिडकीतला कूलर नुसता घरघरायचा. आजीच्या टाचांना शेतातल्या भेगा, बोट जाईल एवढ्या. एक सिस्टर रात्रपाळी संपवून घरी जाण्याआधी कोमट पाण्याचं टमरेल घेऊन यायची, टाचा धुवायची, पुसायची आणि भेगांत व्हॅसलीन भरायची. हाडाच्या उपचारात हे कुठेच बसत नव्हतं. आजीला अवघडल्यासारखं व्हायचं. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘माहे पाय कावून धुवून राह्यली वं? तू कोणाची पोरगी?’ सिस्टर म्हणाली, ‘आधी धुऊ द्या, मग सांगते.’ तिसऱ्या दिवशी आजीने पुन्हा विचारलं तेव्हा तिने एका वाक्यात सांगितलं: ‘आजी, आमच्या येशूनं त्याच्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून.’ आणि टमरेल उचलून गेली.

आजी शेवटपर्यंत तुळशीला पाणी घालत राहिली. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची, येशूच्या त्या वाक्यासकट. साक्ष आता आजी देत होती, कारण डोळ्यांनी तिने पाहिलं होतं.

इथे वाचकाच्या मनातला, पण न विचारलेला प्रश्न येतो: काम बोलत असेल तर तोंडाने सांगायचं कशाला? त्या एका वाक्याशिवाय आजीला टाचा धुतल्याचं समाधान मिळालं असतं, ‘कावून’चं उत्तर मिळालं नसतं. आणि धुणं नसतं तर ते वाक्य तिने ऐकूनही घेतलं नसतं. डोळ्यांनी पाहून गप्प बसलेला साक्षीदार कोर्टाच्या कामाचा नाही, न पाहता बोलणारा तर खोटाच. शिवाय सिस्टरने वाक्य विचारल्यावर सांगितलं आणि बदल्यात काही मागितलं नाही. औषधाला अट जोडली की ती साक्ष राहत नाही, सौदा होतो. नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातही हेच आहे: तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने.

‘सेवा’ शब्दाचंही असंच. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचं जेवण वाटण्यावरून तक्रार होते. तिथे जेवण वाटण्याला ग्रीक शब्द आहे ‘दियाकोनिया’ आणि देवाचं वचन सांगण्याच्या कामालाही ‘दियाकोनिया’च. वाढपी आणि उपदेशक एकाच शब्दाखाली. मराठीत दोघांनाही ‘सेवा’ चपखल बसली. नागपुरात तर हे दगडविटांतही दिसतं. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आला तो सुवार्ता सांगायला. पण त्याने शाळा काढली, गोंडांची गाणी आणि कथा ऐकून उतरवून घेतल्या. स्कॉटिश मिशनचंच सीताबर्डीचं म्यूर मेमोरियल हॉस्पिटल १८९६ चं. सांगणं आणि करणं इथे दोन खाती नव्हती.

राहिलं ‘पाचारण’. हा शब्द आज वर्तमानपत्रात जगतो: ‘आग विझवण्यासाठी अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले.’ ख्रिस्ती मंडळीत मात्र तो ‘करण्यात’ येत नाही, ‘होतो’: मला पाचारण झालं. भूक लागावी, आठवण यावी, तसा माणूस चतुर्थीत आणि गोष्ट आपण होऊन आलेली. इथे साधा ‘बोलावणं’ शब्द घातला असता तर घोटाळा झाला असता, कारण मराठीत ‘वरून बोलावणं आलं’ म्हणजे माणूस गेला. पाचारण जिवंत माणसाला होतं, आणि कामासाठी होतं. अग्निशमन दलाला कोणी गप्पा मारायला पाचारत नाही.

म्हणून ‘सेवेचं पाचारण’ म्हणजे नोकरीचा कार्यकाळ नव्हे. कोणीतरी बोलावलं म्हणून आपण या कामाला आलो, असं सिस्टरचं मानणं आहे. ते बोलावणं त्यांना कधी आणि कसं झालं, हे शब्दकोशात मिळणार नाही. त्या तुमच्या शेजारीच राहतात. एखाद्या संध्याकाळी वेळ काढून जा आणि विचारा.