एनओसी, डमी टेंडर आणि दुधाचा दर : स्पर्धा कायद्याविषयी वाचकांचे प्रश्न

व्यापारातले संगनमत आणि अडवणूक रोखणाऱ्या स्पर्धा कायद्यावर वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा बहुतेक पत्रे गूगल-ॲपलविषयी येतील असे वाटले होते. आली ती व्यापारी संघटना, निविदा आणि दूध दराविषयी. हा कायदा तालुक्याच्या बाजारपेठेतही तितकाच लागू आहे, म्हणून उत्तरांचा मोठा भाग तिथेच खर्च केला आहे.

प्रश्न : माझ्याकडे औषधांच्या घाऊक विक्रीचा परवाना आहे. एका कंपनीची स्टॉकिस्टशिप ठरत आली होती, पण कंपनीचा माणूस म्हणतो, "आधी जिल्हा संघटनेची एनओसी आणा." संघटना एनओसी देत नाही, कारण त्या कंपनीचे दोन स्टॉकिस्ट इथे आधीच आहेत. काय करता येईल? — घाऊक औषध विक्रेता, सांगली जिल्हा

औषधांची घाऊक विक्री करायला २०-बी आणि २१-बी हे परवाने लागतात. संघटनेची एनओसी मागणारा एकही कायदा नाही. उलट, संघटनेने पुरवठा अडवणे हे स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(३) खाली येते. ओडिशातील एका वितरकाच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१३ मध्ये औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेला नेमक्या याच प्रथेबद्दल दोषी ठरवले होते आणि सुमारे ४७ लाख रुपये दंड केला होता. एनओसीची सक्ती, नव्या औषधासाठी घेतली जाणारी पीआयएस (उत्पादन माहिती सेवा) वर्गणी आणि संघटनेने ठरवलेले मार्जिन, हे तिन्ही विषय त्या आदेशात आहेत. त्यानंतरही जिल्ह्याजिल्ह्यांत ही प्रथा चालू राहिली, ही खेदाची गोष्ट आहे.

तुमच्या प्रकरणात पहिला प्रश्न असा, की नकार नक्की कोणाचा? आपल्याला किती स्टॉकिस्ट हवेत हे ठरवायला कंपनी मोकळी आहे. तिने स्वतःच्या हिशोबाने "दोन पुरेत" म्हटले तर तक्रारीला आधार उरत नाही. संघटनेच्या धाकामुळे नकार दिला, तरच उल्लंघन होते. हा फरक कागदावर आणणे हे तुमचे खरे काम. त्यासाठी फोनवर बोलणे थांबवा. कंपनीच्या विभागीय व्यवस्थापकाला ई-मेल करा : माझे परवाने, जीएसटी नोंदणी आणि बँक हमी सोबत आहे; नेमणूक कोणत्या कारणाने थांबली ते कळवावे. "एनओसीची वाट पाहत आहोत" एवढे एका ओळीचे उत्तर आले, तरी तो पुरावा दहा साक्षीदारांच्या तोडीचा आहे. संघटनेकडेही लेखी अर्ज करा आणि नकार लेखी मागा. परिपत्रके, व्हॉट्सॲप गटातले संदेश, वर्गणीच्या पावत्या जपून ठेवा. मोबाइल बदलू नका; बदललाच तर जुना फॉरमॅट करू नका.

त्यानंतर आयोगाकडे जाण्याआधी कंपनीच्या मुख्य कार्यालयातील विधी विभागाला २०१३ च्या आदेशाचा उल्लेख करून एक पत्र पाठवा. पुष्कळदा खालच्या माणसाला एनओसी महत्त्वाची वाटते आणि वरच्याला दंडाची भीती. काम तिथेच होऊ शकते.

नाही झाले, तर कलम १९(१)(अ) खाली आयोगाच्या सचिवांकडे 'माहिती', म्हणजे तक्रार अर्ज, दाखल करायची. त्यात दोन्ही बाजूंची नावे-पत्ते, घटनांचा तारीखवार तपशील, कोणते कलम कसे मोडले, कागदपत्रांची यादी, दोघांत चालू असलेले इतर खटले आणि तुमची मागणी हवी. चालू खटले लपवले, तर विश्वासार्हता पहिल्याच दिवशी जाते. शुल्क व्यक्ती, ग्राहक संघटना, सहकारी संस्था किंवा ट्रस्टला ५,००० रुपये. फर्म किंवा कंपनीला आधीच्या वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर १०,०००, ५० कोटींपर्यंत ४०,००० आणि त्यापुढे १ लाख. बाजारात त्रास होण्याची भीती असेल तर ओळख गोपनीय ठेवण्याची विनंती अर्जाबरोबरच करा. मात्र तुमच्या जिल्ह्यात एकाच विक्रेत्याला नकार मिळाला असेल, तर नाव झाकूनही ओळख पटेल, हे धरून चला.

अर्ज फेटाळले जातात ते बहुधा तीन कारणांनी. पैशांची थकबाकी किंवा करारभंग अशा दोघांतल्या वादाला स्पर्धेचा रंग दिलेला असतो. "सर्वांना माहीत आहे" यापलीकडे पुरावा नसतो. किंवा तीन वर्षांची मुदत उलटलेली असते. २०२३ च्या दुरुस्तीने ही मुदत आली. उशिराचे सबळ कारण दाखवता येते, पण त्यावर विसंबू नये.

आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर कलम २६(१) खाली महासंचालकांकडे (आयोगाच्या तपास शाखेचे प्रमुख) तपास जातो, त्यांचा अहवाल येतो, दोन्ही बाजूंची सुनावणी होते आणि मग आदेश होतो. यात वर्षे जातात. अंतरिम आदेशाची तरतूद कलम ३३ मध्ये आहे, पण तो क्वचित मिळतो. आयोग दंड करतो तो सरकारजमा होतो. तुमची नुकसानभरपाई वेगळी. आयोगाने उल्लंघन ठरवल्यावर कलम ५३-एन खाली ती राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाकडे मागावी लागते. स्टॉकिस्टशिप पुढच्या महिन्यात हवी असेल, तर कंपनीच्या मुख्यालयाचे पत्र हाच जवळचा रस्ता.

प्रश्न : नगरपालिकेच्या कामांत मित्राला 'सपोर्ट टेंडर' भरून दिले. दोनदा. मला काम मिळाले नाही, पैसेही घेतले नाहीत. आता चौकशी होणार अशी कुणकुण आहे. मी अडकतो का? — कंत्राटदार, पुणे जिल्हा

होय. सपोर्ट किंवा डमी टेंडर म्हणजे दुसऱ्याला काम मिळावे म्हणून नावापुरती भरलेली निविदा. निविदेतले असे संगनमत कलम ३(३)(ड) मध्ये आहे, आणि स्पर्धेला घातक परिणाम झाला असे त्यात गृहीतच धरले जाते. तो नाही झाला हे तुम्हाला सिद्ध करावे लागते. सपोर्ट देणाऱ्याला काम मिळाले नाही, हा बचाव होत नाही, कारण तीन निविदांचा देखावा त्याच्याशिवाय उभाच राहत नाही.

तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबद्दल नागरिक चेतना मंचाने तक्रार केली. नावापुरत्या निविदा भरून स्पर्धेचा आभास उभा केल्याचे तपासात दिसले आणि मे २०१८ मध्ये आयोगाने दंड केला. त्यातल्या कंपन्यांनी संगनमत कबूल करून सवलतीचे अर्ज केले होते. दंडात कपात झाली ती त्यामुळे.

अशा प्रकरणात माणसे कशी सापडतात ते पाहा. एकाच संगणकावरून अपलोड झालेल्या निविदा, लागोपाठच्या क्रमांकांचे डिमांड ड्राफ्ट, एकाच्या खात्यातून भरलेली दुसऱ्याची ईएमडी (बयाणा रक्कम), तिन्ही कागदांत तीच शुद्धलेखनाची चूक. अन्न महामंडळाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइड गोळ्यांच्या २००९ च्या निविदेत कंपन्यांनी ३८८ रुपये हा एकच दर दिला होता. दर जुळणे योगायोग मानता आला असता, पण महामंडळाच्या प्रवेश नोंदवहीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या नोंदी एकाच हाताने केलेल्या आढळल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला.

तुमच्यापुढे कलम ४६ चा मार्ग आहे : संगनमत उघड करून दंडात सवलत. पहिल्या अर्जदाराला १०० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला ५० पर्यंत, तिसऱ्याला ३० पर्यंत. यातला 'पर्यंत' शब्द मोलाचा आहे. रेल्वेच्या पंख्यांच्या प्रकरणात, जानेवारी २०१७ मध्ये, देशातल्या पहिल्या सवलत मिळवणाऱ्या कंपनीला ७५ टक्केच मिळाले, कारण सीबीआयने दिलेल्या माहितीवर तपास आधीच सुरू होता. उलट बिअर कंपन्यांच्या प्रकरणात २०२१ मध्ये पहिल्या अर्जदाराचा दंड पूर्ण माफ झाला आणि दुसरीकडे एका कंपनीला सुमारे ७५२ कोटी दंड बसला.

पायऱ्या अशा. संगनमत त्याच दिवशी थांबवा. काहीही पुसू नका. संदेश पुसल्याचे आढळले तर सवलत जाते. या विषयातल्या वकिलामार्फत आयोगाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे तोंडी किंवा ई-मेलने थोडक्यात माहिती देऊन रांगेत क्रमांक घ्या, कारण तारीख-वेळेवर प्राधान्य ठरते. क्रमांक कळल्यावर १५ दिवसांत पूर्ण अर्ज : कोणती कामे, कोणता काळ, कोण भेटले, दर कोणी सांगितला, आणि सोबत पुरावे. महासंचालकांचा अहवाल आयोगाकडे पोहोचल्यावर हा दरवाजा बंद होतो.

आणखी दोन गोष्टी वेळीच समजून घ्या. ही सवलत फक्त स्पर्धा आयोगाच्या दंडापुरती आहे. पालिका काळ्या यादीत टाकू शकते आणि अधिकारी गुंतले असतील तर लाचलुचपतीची चौकशी वेगळी चालते. शिवाय २०२३ नंतर आलेली तडजोडीची तरतूद संगनमताला लागू नाही. मित्राला सावध करून मग अर्ज करू असा विचार असेल, तर करू नका. तो तुमच्या आधी रांगेत उभा राहू शकतो.

प्रश्न : आमच्या भागातले सगळे खासगी दूध संघ एकाच दिवशी सारखाच दर कमी करतात. हे कार्टेल नाही का? — दूध उत्पादक, अहिल्यानगर जिल्हा

कार्टेल, म्हणजे संगनमत करणारा गट, असू शकते. खरेदीदारांनी मिळून खरेदीदर ठरवणेही कलम ३(३)(अ) मध्ये येते. कायदा फक्त विक्रीदरापुरता नाही. पण दर सारखे असणे एवढ्यावर प्रकरण टिकत नाही. घरगुती गॅस सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्यांनी इंडियन ऑइलला जवळजवळ एकच दर दिले होते. तरी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, कारण खरेदीदार मोजकेच, वस्तू एकसारखी आणि अटी खरेदीदाराच्या हातात, अशा बाजारात दर संगनमताशिवायही जुळू शकतात.

दूध पावडर आणि लोण्याचे भाव पडले की सगळ्यांचा हिशोब एकाच दिशेला जातो, असे संघ म्हणतील. म्हणून दोन वर्षांची दरपत्रके तारखेसह जमवा. पावडरचे भाव त्याच काळात काय होते ते शेजारच्या रकान्यात लिहा. पावडर वधारली तरी दूध दर एकत्रच खाली राहिले, किंवा दर बदलण्याआधी दरवेळी संघटनेची बैठक झाली, तर ती तक्रारीची जागा. बैठकीचे इतिवृत्त, वर्तमानपत्रातले "सर्व संघांनी निर्णय घेतला" असे निवेदन, संकलकांना आलेले आगाऊ संदेश हे खरे पुरावे. दर सरकारने जाहीर केलेला असेल, तर दाद सरकारकडे मागावी लागते.

प्रश्न : बड्या डिजिटल कंपन्यांवरील कारवाईचे पुढे काय होते? दंड वसूल होतो का?

ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडबद्दल १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरबद्दल ९३६.४४ कोटी दंड झाला. पहिला अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले. दुसरा मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. व्हॉट्सॲपच्या गोपनीयता धोरणावरून मेटाला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी दंड झाला. वर्षभराने न्यायाधिकरणाने तो राखला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावरील पाच वर्षांची बंदी मात्र काढली. आता अपील करायचे तर दंडाची २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीवर मोजण्याच्या २०२४ च्या तरतुदीला ॲपलने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. आमच्या मते तिथला निकाल कोणत्याही एका दंडापेक्षा महत्त्वाचा ठरेल. बड्या कंपन्यांवर आधीच बंधने घालणाऱ्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. तो मसुदाच आहे; कायदा झाला असे समजून तक्रारी लिहू नका.

प्रश्न : मी कंपनी सचिव आहे, बहीण अर्थशास्त्रात एम.ए. करते. या क्षेत्रात शिरायचे कसे? — नाशिक

दोघांनाही जागा आहे. कलम ३५ नुसार आयोगापुढे वकिलाबरोबरच सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्ययपालही (कॉस्ट अकाउंटंट) पक्षकाराची बाजू मांडू शकतात. २०२३ नंतर अर्थतज्ज्ञांचे मतही पक्षकारांना बोलावता येते.

रोजचे काम बहुतांशी विलीनीकरणाचे असते, आणि कंपनी सचिवाला तेच जवळचे. मोठ्या विलीनीकरणाला आयोगाची आधी मंजुरी लागते. पहिली चाळणी उंबरठ्यांची : लक्ष्य (विकत घेतल्या जाणाऱ्या) कंपनीची भारतातली मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटींपर्यंत असेल तर सूट. पण १० सप्टेंबर २०२४ पासून व्यवहाराचे मूल्य २,००० कोटींवर आणि लक्ष्य कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल, तर ही सूट चालत नाही. मंजुरीच्या अर्जात फॉर्म एकचे शुल्क ३० लाख, फॉर्म दोनचे ९० लाख. प्रथमदर्शनी मत ३० दिवसांत, एकूण मर्यादा १५० दिवस. नवख्यांची नेहमीची चूक अशी, की व्यवहार टप्प्याटप्प्याने होतो आणि पहिला टप्पा मंजुरीआधीच पूर्ण केला जातो. कलम ४३-अ चा दंड त्यातून येतो.

बहिणीने बाजार आखणे शिकावे. एक सराव : चार कंपन्यांचे वाटे ४०, ३०, २० आणि १० टक्के. बाजार किती मोजक्या हातांत आहे हे मोजायला वाट्यांचे वर्ग करून बेरीज घेतात : १६००+९००+४००+१००, म्हणजे ३०००. शेवटच्या दोघी एक झाल्या तर ३४००. वाढ ४००, म्हणजे २×२०×१०. हे गणित सोपे आहे. मुळात बाजार हाच का आणि शेजारचे उत्पादन त्यात का नाही, हे दोन पानांत पटवता येणे अवघड आहे आणि पगार त्याचाच मिळतो.

आयोग विद्यार्थ्यांना इंटर्नशिप देतो आणि विधी, अर्थशास्त्र, वित्तीय विश्लेषण या शाखांत कंत्राटी संशोधन सहयोगी घेतो. जाहिराती त्याच्याच संकेतस्थळावर येतात. सुनावण्या दिल्लीत होतात, पण विलीनीकरणाचे पुष्कळ काम मुंबईतल्या विधी संस्थांत चालते. नाशिकला राहून सुरुवात करायची असेल तर व्यापारी संघटना आणि उद्योगांना अनुपालनाचा सल्ला द्या : बैठकीची कार्यक्रम पत्रिका तपासणे, दराचा विषय निघाला की सभात्याग नोंदवणे, निविदा विभागाला प्रशिक्षण. इथल्या बैठकींची इतिवृत्ते आणि व्हॉट्सॲप संदेश मराठीत असतात. ते नेमके वाचून इंग्रजी अर्जात मांडू शकणाऱ्या माणसाची गरज मोठी आहे.

वाचन कोठून सुरू करावे? दंडाच्या मोठ्या आदेशांपासून नको. कलम २६(२) खाली बंद केलेल्या प्रकरणांचे छोटे आदेश आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आठवड्याला पाच वाचा आणि प्रत्येकाखाली लिहा : तक्रार कोणत्या मुद्द्यावर पडली, आणि कोणता एक कागद जोडला असता तर टिकली असती.