माउंडवर जाण्याआधी

भाऊ, तालुक्याच्या शालेय बेसबॉल स्पर्धेला पहिल्यांदा टीम घेऊन जाताय, तर हे आधी पक्कं करा. कोच माउंडवर, म्हणजे पिचर (बॉल टाकणारा) उभा असतो त्या उंचवट्यावर, बोलायला गेला की ती एक भेट. एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेलात की त्याला काढावंच लागतं. अन् तोच बॅटर खेळत असताना तर दुसरी भेट चालतच नाही. अंपायरनं बजावल्यावरही गेलात तर तुम्ही मैदानाबाहेर. त्या बॅटरची पाळी संपेपर्यंत पिचरला बॉल टाकावे लागतात, मग तोही बाहेर. अशा वेळी पुढच्या पिचरला लगेच वॉर्मअपला लावा, नाहीतर पोरगं थंड्या हातानं बॉल टाकेल.

माउंडचं 18 फुटी वर्तुळ सोडलं की भेट संपली. बाहेर पडल्यावर काही आठवलं म्हणून वळलात, तर ती दुसरी धरली जाते. 2010 मध्ये अमेरिकेतल्या डॉजर्स संघाचे डॉन मॅटिंगली असेच वळले आणि त्यांचा पिचर ब्रॉक्सटन याला जावं लागलं. सारं बोलणं आतच संपवा. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या सपाट मैदानावर हे वर्तुळ दिसतच नाही. होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीच्या) मागच्या टोकापासून 59 फुटांवर खुंटी ठोका, 9 फुटांची दोरी फिरवा, फक्की टाका.

तुम्ही कॅचरशी (बॅटरच्या मागे बॉल झेलणाऱ्याशी) बोललात आणि तो लगेच पिचरकडे गेला, तर तीही भेटच.

अमेरिकेतल्या मेजर लीग या व्यावसायिक स्पर्धेत 2024 पासून सामन्याला चार भेटी आहेत. तुमच्या स्पर्धेचा आकडा आधीच अंपायरला विचारा. मोजणी स्कोअररवर सोडू नका, इनिंग अन् पिचरच्या नावासह वहीत स्वतः लिहा.