गीझर दुरुस्त करावा की बदलावा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा 25 लिटरचा गीझर 8 वर्षांचा आहे. पाणी बोअरचं. महिनाभरापासून खालून ठिपकतोय. मेकॅनिकने झाकणही न उघडता ‘टाकी गेली, नवाच घ्या’ असं सांगितलं. खरंच गेली असेल का? (लातूर)

उत्तर : गेलेली असू शकते. पण झाकण न उघडता हे कुणालाच सांगता येत नाही. पाणी नेमकं कुठून येतंय यावरच सगळा निर्णय आहे, आणि ते तुम्हाला स्वतःलाही बघता येईल.

एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला गीझरचा स्विच) पाडा, प्लग काढा. गीझर खालून कोरडा पुसा आणि खाली वर्तमानपत्राचा कागद पसरा. मग बॅटरीच्या उजेडात अर्धा तास नजर ठेवा. थेंब कनेक्शन पाइपच्या आट्यांवर दिसला तर वायसर आणि टेफ्लॉन टेपने काम भागतं.

थेंब फक्त पाणी तापत असतानाच आणि सेफ्टी व्हॉल्वच्या, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडातून येत असतील, तर तो बिघाडच नाही. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापलं की सुमारे पावणेचारशे मिलिलिटर फुगतं, म्हणजे जवळपास दोन पेले. बंद टाकीतून ते व्हॉल्ववाटेच बाहेर पडणार. गीझर बंद असतानाही व्हॉल्व सतत गळत असेल तर तो बदला, किंवा इमारतीच्या प्रेशर पंपाचा दाब तपासून घ्या. मात्र त्या तोंडाला बूच मारू नका. ठिपकण्याचा त्रास नको म्हणून लोक तिथे प्लग बसवतात आणि टाकीची एकमेव सुटका बंद करतात. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग, अडकला तर अशी टाकी फुटू शकते.

आता खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढा. मधोमध कॉइलचा फ्लँज, म्हणजे कॉइल धरणारी धातूची चकती, आणि त्याचे बोल्ट दिसतील. बोल्टांभोवती पांढरी खपली धरली असेल, तर गळती बहुधा गॅस्केटची, म्हणजे फ्लँजमागच्या रबरी चकतीची, आहे. बोअरच्या पाण्यात हे नेहमीचं. फ्लँज उघडायचाच आहे तर कॉइल, थर्मोस्टॅट आणि अ‍ॅनोड रॉड, म्हणजे मॅग्नेशियमची कांडी, हेही त्याच वेळी बघून घ्या.

पण फ्लँज कोरडा आहे, आणि बाहेरचं आवरण व आतली टाकी यांच्या फटीतून किंवा वायरच्या भोकातून तांबूस पाणी येतंय, तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. आतल्या पोलादाला भोक पडलंय. तिथे वेल्डिंग करू नका, त्या उष्णतेने आतला काचेचा मुलामा भोवताली तडकतो आणि गंज आणखी पसरतो. एम-सीलही गरम पाण्याच्या दाबाखाली टिकत नाही. टाकी गेली म्हणजे गीझर गेला, यात आम्हाला शंका नाही.

टाकी शाबूत निघाली तर दुरुस्तीचा क्रम असा. खालचा कॉक बंद करा, गरम नळ उघडून दाब सोडा, मग खालचे दोन्ही पाइप काढा. नुसता नळ उघडून टाकी रिकामी होत नाही, कारण गरम पाण्याची नळी आत वरपर्यंत गेलेली असते. खाली दोन बादल्या तयार ठेवा. फ्लँज काढल्यावर तळाची क्षाराची खडी हाताने आणि पाण्याने बाहेर काढा. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व घालून कॉइल दोनेक तास बुडवून ठेवा, वायरची टोकं मात्र कोरडी राहू द्या. संडास धुण्याचं अ‍ॅसिड अजिबात वापरू नका, ते कॉइलचं आवरण खातं. कांडी निम्म्याहून बारीक झाली असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला. हीच कांडी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते, आणि बोअरच्या पाण्यात ती दरवर्षी बघायला हवी. गॅस्केट प्रत्येक वेळी नवंच घाला आणि बोल्ट समोरासमोर आळीपाळीने आवळा. शेवटी गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय बटण दाबू नका. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.

प्रश्न : एक बादली गरम येते, पुढे कोमट. दुकानदार म्हणतो, नवा फाइव्ह स्टार घ्या, बिलही कमी येईल. (पुणे)

उत्तर : आधी घड्याळ लावा. 2000 वॅटच्या गीझरला 25 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 35 मिनिटं लागतात. दिवा 8-10 मिनिटांतच विझतो आणि पाणी कोमटच असतं, असं असेल तर थर्मोस्टॅट बिघडलाय, किंवा क्षार चढल्याने त्याला कॉइलची धग लवकर लागते. वेळ बरोबर लागतो पण पाणी लवकर संपतं, याचा अर्थ तळाशी खडी साठलीय किंवा आतली गरम पाण्याची नळी गंजून तुटलीय. दिवा चालू, पाणी थंडगार, अशा वेळी पुरवठा तोडून कॉइल मल्टिमीटरवर मोजायला सांगा. 26 ओहमच्या आसपास आकडा आला तर ती ठीक. काहीच दाखवलं नाही तर जळालीय. कॉइल आणि थर्मोस्टॅट दोन्ही बदलूनही खर्च नव्या गीझरच्या एक तृतीयांशाच्या आत बसत असेल, तर दुरुस्तीच करा.

बिलाचं म्हणाल तर एवढं पाणी तापवायला कुठल्याही गीझरला सुमारे 1.16 युनिट लागतंच. जास्त स्टारच्या गीझरमध्ये साठलेलं पाणी हळू निवतं, एवढाच फरक. अंघोळीआधी अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घरात तेवढ्यासाठी जुना काढण्यात अर्थ नाही.

प्रश्न : नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. चप्पल घालून वापरतोय. (चिपळूण)

उत्तर : कृपा करून आजच बंद करा. झिणझिण्या आल्या म्हणजे बिघाड एक नाही, दोन आहेत. कॉइलचं आवरण चिरलंय किंवा वायर बॉडीला लागलीय, आणि शिवाय अर्थिंगही तुटलंय. अर्थिंग नीट असतं तर करंट तुमच्या हातात आलाच नसता. ओल्या बाथरूममध्ये चपलेवर जीव सोपवू नका. इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही दुरुस्त करून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा. टाकी चांगली असेल तर यासाठी गीझर टाकायची गरज नाही.

प्रश्न : टाकी गेलीच आहे. चौघांना 15 लिटरचा पुरेल? (नाशिक)

उत्तर : बादलीने अंघोळ करत असाल तर पुरेल. 60 अंशांचं 15 लिटर पाणी 20 अंशांच्या तितक्याच पाण्यात मिसळलं की 40 अंशांचं 30 लिटर होतं, म्हणजे दीड बादली. पुन्हा तापायला 20-22 मिनिटं. शॉवर असेल किंवा चौघं सकाळी एकापाठोपाठ निघत असाल, तर 25 लिटरचाच घ्या. त्या गीझरच्या सुट्या अ‍ॅनोड कांड्या बाजारात मिळतात का, हे दुकानातच विचारून घ्या. बसवताना खाली हातभर जागा मोकळी सोडायला सांगा. कॉइल खालूनच ओढून काढावी लागते, आणि जागा नसेल तर गॅस्केट बदलायलाही अख्खा गीझर भिंतीवरून उतरवावा लागतो.