पोटात पाणी, अंग कोरडं : जतनासाठी फुलं पाठवताना

प्रश्न : लग्नातला गुच्छ जतन करून घ्यायचा आहे. गुलाब, कार्नेशन आणि थोड्या लिली आहेत. जतन करणारा स्टुडिओ दुसऱ्या शहरात आहे, कुरिअरला दोन दिवस लागतात. पॅकिंग कसं करावं?

दोन दिवसांचा प्रवास गुलाब आणि कार्नेशन सहज सोसतात, पण निघताना ती पाणी पिऊन तरारलेली हवीत. समारंभ संपला की लगेच देठांची टोकं धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरकी कापा. कात्रीने देठ चेपतो आणि पाणी चढायची वाट अरुंद होते. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका आणि गुच्छ स्वच्छ भांड्यात, फुलांच्या खुराकाची पुडी घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा. लिलीचे परागकोश याच वेळी चिमटीत धरून काढून घ्या. पराग पाकळीवर सांडलाच तर पाणी लावू नका, डाग पक्का होईल. चिकटपट्टी हलकेच टेकवून तो उचलून घ्या.

रात्री जागा फ्रीजमध्ये, २ ते ४ अंश सेल्सिअसला. पाकळ्या मागच्या थंड भिंतीला टेकू देऊ नका, आणि त्याच फ्रीजमध्ये पिकलेली फळं नकोत. फळांतून इथिलिन वायू सुटतो. कार्नेशनला त्याची झळ लगेच लागते, पाकळ्या आत मिटतात आणि फूल पुन्हा उमलत नाही.

खोका फाइव्ह प्लाय पुठ्ठ्याचा घ्या, गुच्छाभोवती सगळीकडून पाच-सात सेंटिमीटर जागा राहील एवढा. देठांची टोकं ओल्या टिपकागदात गुंडाळा. तो कागद आधी घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर थेंब पडत असेल तर अजून पिळा. वर छोटी प्लास्टिक पिशवी आणि रबरबँड. हे प्लास्टिक फक्त देठांपुरतं, फुलांवर अजिबात नाही. फुलांना पातळ, मऊ टिश्यू कागद सैल गुंडाळा आणि हे काम फ्रीजमधून बाहेर काढण्याआधी करा. गार पाकळी उबदार हवेत आली की तिच्यावर दव धरतं. कागद असला की ते कागदावर धरतं.

आता गुच्छ जागेवर बांधायचा. खोक्याच्या तळाला देठांच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडा, त्यांतून रुंद फीत ओवून देठ आवळा आणि गाठ बाहेरून चिकटपट्टीने बंद करा. फुलांच्या मानेखाली चुरगळलेल्या कागदाची उशी द्या, म्हणजे फुलाचा भार पाकळ्यांवर येणार नाही. उरलेल्या पोकळीत सैल कागद भरा. ‘ही बाजू वर’ अशी चिठ्ठी जरूर लावा, पण वाटेत खोका उलटा होणारच असं धरून बांधा. बंद केल्यावर हळूच उलटा-सुलटा करून कान द्या. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

पाठवायचा दिवस सोमवार किंवा मंगळवार. शुक्रवारी निघालेला खोका सुट्टीत गोदामात पडून राहतो आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. खोका बंद करण्याआधी गुच्छाचे चारही बाजूंनी फोटो काढून स्टुडिओला पाठवा. मांडणी मुळात कशी होती, हे त्यांना त्यावरूनच कळतं.

प्रश्न : फुलं वाळू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकमध्ये बंद करून पाठवली. पोचली तेव्हा पाकळ्यांवर तपकिरी ठिपके होते आणि आतून करडी लव धरली होती. पाणी कमी पडलं का?

उलट, पाणी जास्त झालं, आणि नको त्या जागी झालं. ही करडी लव म्हणजे बोट्रायटिस बुरशी. तिचे बीजाणू बहुतेक फुलांवर आधीपासून असतातच; ते रुजायला पाकळीवर काही तास टिकणारा ओलावा पुरतो. आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग पाकळीचा पिचका डाग, मग लव. बंद पिशवीत फुलं स्वतःच्या श्वसनाने वाफ आणि उष्णता सोडतात, ती बाहेर जात नाही. उष्णता वाढली की श्वसनही वाढतं. दर १० अंशांमागे त्याचा वेग दुपटीहून अधिक होतो. म्हणजे पिशवीतली फुलं स्वतःलाच शिजवत होती.

प्रवासाला निघणाऱ्या फुलाच्या पोटात पाणी हवं, अंगावर नको. पाणी शिंपडलेला गुच्छ टवटवीत दिसतो खरा, पण पॅकिंगच्या आदल्या दिवसापासून शिंपडणं बंद करा. हायड्रेंजियाला डोकं बुडवून पाणी पाजण्याची पद्धत आहे, तीही आदल्या दिवशीच उरका आणि पाकळ्या पूर्ण वाळू द्या. अनंतासारख्या पांढऱ्या फुलाला बोटही लावू नका. जिथे स्पर्श झाला तिथे काही तासांत तपकिरी ठसा उमटतो आणि जतन केल्यावर तो आणखी उठून दिसतो.

प्रश्न : पाठवायला आठवडा आहे. तोवर फ्रीझरमध्ये ठेवू का? जतन करणारेही फुलं गोठवतातच ना?

नको. घरच्या फ्रीझरमध्ये पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फाटतात. बाहेर काढताच पाकळी काचेसारखी पारदर्शक होते, मग काळी आणि चिकट. स्टुडिओतल्या यंत्रात गोठवलेलं फूल वितळतच नाही. निर्वात कप्प्यात त्यातल्या बर्फाची थेट वाफ केली जाते, म्हणून आकार टिकतो. आठवडा मोठा आहे, स्टुडिओशी बोलून तारीख अलीकडे घ्या.

प्रश्न : ऑर्किड आणि अँथुरियमच्या खोक्यात बर्फाची जेल पिशवी ठेवावी का?

या दोघांना ठेवू नका. ही उष्ण प्रदेशातली फुलं. साधारण १० अंशांखाली राहिली की रंग काळवंडतो, आणि तो परत येत नाही. त्यांना फ्रीजही नको, सावलीतली गार खोली पुरे. प्रत्येक देठाला रबरी टोपणाची पाण्याची नळी लावा आणि नळी उलटी धरून गळते का ते आधी पाहा.

गुलाब-कार्नेशनच्या खोक्यात उन्हाळ्यात जेल पिशवी चालते. ती वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून, देठांच्या बाजूला, खोक्याच्या भिंतीला पक्की चिकटवा. सुटी राहिली तर वाटेत तीच फुलं चिरडते.

प्रश्न : गुच्छ पाच दिवसांचा झाला, काही फुलं मलूल आहेत. पाठवण्यात अर्थ आहे का?

मान टाकलेली, कडेने तपकिरी झालेली फुलं सुकवल्यावर सुधारत नाहीत, आहेत तशीच कायम होतात. पूर्ण गुच्छाऐवजी चांगली चार-सहा फुलं निवडा आणि शक्य तर घरीच सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, सुकवा, प्रवासाचे दिवस वाचतील. घट्ट झाकणाच्या डब्यात बारीक दाण्यांचा तीन सेंटिमीटर थर पसरा, देठ दोन सेंटिमीटर ठेवून फूल सरळ रोवा आणि चमच्याने दाणे आधी बाहेरून, मग पाकळ्यांच्या फटींत सोडत फूल झाका. वरून एकदम ओतले तर पाकळ्या दबतात आणि तशाच वाळतात. गुलाबाला पाच ते सात दिवस लागतात. काढताना फूल ओढू नका, डबा तिरका करून दाणे वाहू द्या. गडद लाल गुलाब सुकून जवळजवळ काळा दिसतो आणि पांढरा सायीच्या रंगावर जातो. निवडायची मुभा असेल तर गुलाबी आणि केशरी फुलं घ्या.